नदी काढायची तर पाणी काढू नका

वाहतं पाणी कागदावर काढलं की चटई अंथरल्यासारखं दिसतं, ही तुमची तक्रार वाचून हसू आलं, कारण माझीही कित्येक वर्षं तीच गत होती.

गेल्या डिसेंबरात मेळघाटात सेमाडोहला सिपना नदीकाठी दिवसभर बसलो होतो. (जंगलात मनाला येईल तिथे पायी उतरता येत नाही, म्हणून गावालगतचाच काठ धरला.) सोबत एक 4बी (मऊ, गडद उमटणारी) पेन्सिल, वही आणि डब्यात भाकर-ठेचा. सकाळी गारठ्याने बोटं वळेनात, तेव्हा नुसतं बघत बसलो. तेच कामी आलं. सातपुड्याचा हा काळा बेसाल्ट खडक कोरडा असला की राखाडी दिसतो आणि पाण्यालगत भिजलेला पट्टा मात्र काजळासारखा. तो पट्टा पेन्सिल दाबून गडद केला, अर्जुनाच्या पांढुरक्या बुंध्याचं प्रतिबिंब तुटक उभ्या रेघांनी घेतलं आणि मधला कागद कोराच ठेवला. पाणी आपोआप वाहायला लागलं! खळाळ असेल तिथे तर पेन्सिल लावायचीच नाही.

दुपारी गुरं पाण्यावर आणणारे एक बाबाजी मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "गोटे त काढले भाऊ, पानी कुठी हाय?"

मी वही जरा लांब धरली. "हां, आता दिसलं," म्हणाले, आणि गाईमागे निघून गेले.

जलरंग न्यायचे असतील तर हिवाळ्यातच न्या. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ब्रश टेकवेपर्यंत रंग वाळतो.