वापरलेलं रोइंग मशीन विकताना: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती: घरातलं रोइंग मशीन (बसून वल्हवल्यासारखं हँडल खेचायचं व्यायामाचं यंत्र) विकलं असेल तर जाहिरातीत काय लिहिलंत, घेणाऱ्याने काय तपासलं, दारातून बाहेर कसं गेलं, सगळं इथे येऊ द्या. ट्रेडमिलवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा, नाहीतर विषय भरकटतो.

सुरुवात मीच करते. माझं चुंबकीय, म्हणजे खेचताना चुंबकाने अडवणारं, आणि साखळीऐवजी पट्ट्याचं. आवाज जवळजवळ नाहीच, पण तो गुण फोटोत कसा दाखवणार? शेवटी भाच्याला बसवून व्हिडिओ काढला. तो खेचतोय आणि मागे आमच्या गप्पा स्वच्छ ऐकू येतायत. त्यानंतर "चालतं का हो?" हा प्रश्न बंद झाला आणि लोक लांबी-रुंदी विचारू लागले. लांबी विचारतो तो खरा गिऱ्हाईक.

वल्हेकरी: माझं कॉन्सेप्ट टू कंपनीचं मॉडेल डी, पंख्याच्या हवेने अडवणारं. 2021 मध्ये कंपनीने त्याचं नाव रोअर्ग केलं, म्हणून जाहिरातीत दोन्ही नावं टाका. घ्यायला आलेले गृहस्थ मुरलेले निघाले. आल्या आल्या फडकं मागितलं, रेल पुसली, सीट मागेपुढे सरकवून खडखड होते का ते पाहिलं. मग हँडल पूर्ण खेचून सावकाश मागे जाऊ दिलं. साखळी झोल न पडता आत गेली पाहिजे, नाहीतर आतली ताणाची दोरी थकलीय असं समजायचं. शेवटी डॅम्पर (पंख्यात किती हवा शिरेल ते ठरवणारा खटका) 10 वर ठेवून मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंखा किती अडवतो तो आकडा, बघितला. पंख्याच्या जाळीत धूळ साचली की हवा कमी शिरते आणि तो आकडा पडतो. जाळी मी आधीच साफ करून घेतली होती. आकडा 200 च्या वर गेला आणि साहेबांनी घासाघीस सोडून दिली.

एकूण किती मीटर मारलेत तेही मशीनवरच्या पीएम5 मॉनिटरमध्ये सापडतं, तेव्हा "फारसं वापरलेलं नाही" लिहिण्यापेक्षा त्या पडद्याचाच फोटो टाका. अर्थात मध्यंतरी कधी मॉनिटर बदलला असेल तर तेही सांगायला हवं.

सांजवारा: माझं पाण्याच्या टाकीचं, खेचलं की आतलं पाणी अडवतं. गोळी टाकायची राहून गेली की पाणी हिरवं पडतं, आणि तसा फोटो पाहून कोण फोन करणार! क्लोरीनची गोळी टाकली, पाणी निवळलं, मगच फोटो काढले. नेताना घेणाऱ्या ताई म्हणाल्या, भरलेलंच उचलू. टाकीत 17 लिटर म्हणजे तितकेच किलो जास्तीचे, तेही एकाच टोकाला. हातपंपाने पाणी बादल्यांत काढलं. मशीनबरोबर तो पंप आणि उरलेल्या गोळ्याही दिल्या, त्यावर ताई जास्त खूश.

अर्धवट: हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या सिलिंडरने अडवणारं. त्यातून तेल ओघळलेलं, जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलं. एक जण सुट्या भागांसाठी घेऊन गेला. खोली मोकळी झाली, बास.

निळाई: न बघता पूर्ण पैसे देतो, आमचा माणूस येऊन नेईल, असा निरोप आला तर सावध. मला पुढे "चुकून जास्त रक्कम गेली, फरक परत पाठवा" असा मेसेज आला. खात्यात छदामही जमा नव्हता.

नवखा: वल्हेकरी दादा, आमचंही मॉडेल डी आहे आणि जिना फार अरुंद. अख्खं उतरवता येईल का?

वल्हेकरी: अख्खं कशाला? मधली खिट्टी काढली की रेल आणि पंख्याचा भाग वेगळे होतात, पाना लागत नाही. फक्त घेणाऱ्याला ते एकदा स्वतःच्या हाताने परत जोडायला लावा, म्हणजे रात्री फोन येत नाही.