चुनखडीतल्या समुद्री शंखांचं वर्णन: मापं कुठून घ्यायची?

प्रश्न (राजारामपुरी): तामिळनाडूतल्या गरुडमंगलमच्या क्रिटेशियस (डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातल्या) शंख-चुनखडीतले आठ नमुने आहेत. पाचांवर पांढरं कवच आहे, तिघांचं निघून गेलंय, आत भरलेला दगड तेवढा उरलाय. या तिघांना खोल बेंबी (तळाशी मधोमध खड्डा) आहे, पाचांना नाही. म्हणजे दोन जाती धरायच्या? आणि दगड सोडवायला व्हिनेगर चालेल का?

उत्तर (शंखोबा): व्हिनेगर अजिबात नको. कवच आणि दगड दोन्ही कार्बोनेट, शंख दगडाआधी विरघळेल. आम्ल वापरायचं ते कवचाची सिलिका (गारेचं खनिज) झाली असेल तेव्हाच. इथे भिंगाखाली पोलादी सुईनं, शंखापासून बाहेरच्या दिशेनं टोकरत जा. सोनाराचं १० पट भिंग पुरतं, कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मिळेल.

दोन जाती मात्र एवढ्यावरून धरू नका. ते तिघे आतले साचे आहेत. मधला दांडा कवचाचाच असतो. तो विरघळला की त्याच्या जागी पोकळी राहते आणि ती बेंबीसारखी दिसते. वेढ्यांमधल्या खाचाही कवचाच्या जाडीएवढ्या रुंद होतात. त्यामुळे मापं पाच कवचवाल्यांचीच घ्या, साच्यांचा तक्ता वेगळा. उंची, रुंदी, शेवटच्या वेढ्याची उंची, मुखाची उंची, शिखराचा कोन. टोक तुटलं असेल तर अंदाजानं उंची भरू नका, 'उरलेले ६ वेढे' असं लिहा.

उत्तर (आडव्या रेघा): कंगोरे शेवटून दुसऱ्या वेढ्यावर मोजा, आडवे आणि उभे वेगवेगळे. शेवटच्या वेढ्यावर खाली जादा कंगोरे उघडे पडतात आणि आकडे जुळत नाहीत. साचे निघाले त्या दगडात बाहेरचा ठसा शाबूत असेल तर फेकू नका. दंतवैद्यांचं ठसे घ्यायचं पातळ 'लाइट बॉडी' सिलिकॉन त्यात भरलं की खरी नक्षी हातात येते. ठसा भुसभुशीत असेल तर आधी पॅरालॉइड बी-७२ (ॲक्रिलिक राळ) चं ॲसिटोनमधलं ५ टक्के द्रावण पाजा आणि पूर्ण सुकू द्या.

राजारामपुरी: आणि फोटो? पांढऱ्या कवचावर नक्षी उठतच नाही.

आडव्या रेघा: आधी पाण्यात धुता येईल अशी काळी शाई पातळ लावा. मग काचेच्या नळीत नवसागर तापवून त्याचा धूर शंखावर बसवा, खिडकी उघडी ठेवून. पावसाळ्यात कोल्हापुरात हा उद्योग म्हणजे डोक्याला ताप: हवेतला ओलावा ओढून थर चिकट होतो. फोटो झाला की लगेच धुवा. टोक वर, मुख आपल्याकडे, उजेड वर-डावीकडून, शेजारी मोजपट्टी.

शंखोबा: नवं नाव द्यायची घाई नको. पुराजीवशास्त्रज्ञ स्टोलिच्कानं १८६७-६८ मध्ये दक्षिण भारतातल्या क्रिटेशियस शंखांचं सचित्र वर्णन केलंय, त्या चित्रांशी आधी ताडून बघा. साम्य असून खात्री नसेल तर नावात 'सीएफ.' ('याच्याशी ताडून बघा') घाला. खरंच नवी निघाली तर होलोटाइप (जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो नमुना) म्हणून एकच नमुना नेमा, तोही कवचवाला, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवलाय ते लेखात लिहा. १९९९ नंतरच्या नव्या जातींना हे बंधनकारक आहे. घरच्या कपाटातला होलोटाइप चालत नाही, भावा.