मदत हवी आहे: पिंजऱ्यात शिरणाऱ्या मुंग्या कशा रोखाव्यात?

वाळवंटातले जर्बिल (उंदरासारखे छोटे प्राणी) जिवंत पकडून, वजन-माप घेऊन तिथेच सोडतो. संध्याकाळी शर्मनचे (प्राणी आत शिरला की दार आपोआप मिटणारे) ॲल्युमिनियमचे पिंजरे लावतो; आत कापूस, आमिषाला ओट्स आणि पीनट बटर. उन्हात पत्रा भट्टीसारखा तापतो, म्हणून उजाडतानाच सगळे तपासून बंद करतो.

अडचण मुंग्यांची आहे. आमिषाच्या वासावर त्या येतात आणि अडकलेल्या जर्बिलला चावतात. एवढ्याशा जिवाला पळायला जागाच नसते, ते बघवत नाही. कीटकनाशक नको, कारण हे प्राणी अंग चाटून साफ करतात. बटर वगळून नुसतं कोरडं धान्य ठेवलं तर फरक पडतो का? की मध्यरात्री एक फेरी वाढवावी? चांदण्यात जर्बिल तसेही कमी फिरतात, त्यामुळे अंधाऱ्या रात्री वाया घालवायच्या नाहीत. हे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगावं.