दोष व्होल्टेजचा नाही, हर्ट्झचा

भाऊ, अमेरिकेतून आणवलेल्या स्पूल डेकवर (मोठ्या चकत्यांवर गुंडाळलेली टेप वाजवणाऱ्या यंत्रावर) बाख या जर्मन संगीतकाराची टोकाटा ही ऑर्गनवरची रचना बसक्या आवाजात वाजते असं तुम्ही लिहिलंय, आणि वर एकांनी स्टॅबिलायझर घ्यायला सांगितलंय. तो पैसा वाचवा. आर्वीकडच्या आमच्या गावात संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज किती पडतं ते मी रोज बघतो, पण हा दोष वेगळा आहे.

जुन्या बऱ्याच डेकच्या मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं घेते त्यावर ठरतो; ती हर्ट्झमध्ये मोजतात. तिकडे 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. त्यामुळे सेकंदाला साडेसात इंच सरकणारी टेप सव्वासहा इंचच सरकते आणि सूर दीड स्वर उतरतो. टोकाटाची डी मायनर पट्टी बी मायनर होते, म्हणजे पेटीवर पांढरी दोनची खालची पांढरी सात. घड्याळ लावून बघा. 1200 फुटांच्या टेपची एक बाजू 32 मिनिटांत संपायला हवी. 38 च्या वर गेली, तर नक्की हेच. 50 हर्ट्झची कॅप्स्टन पुली (टेप ओढणाऱ्या दांड्याला फिरवणारी पुली) मिळवा, काही डेकमध्ये कपॅसिटरही बदलावा लागतो.

हे जरूर करा. चर्चमधल्या ऑर्गनच्या सोळा फुटी नळीचा सर्वात खालचा सूर 33 हर्ट्झच्या आसपास असतो. योग्य वेगात तो आला की खोलीची जमीन हलल्यासारखी वाटते. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि टेपा टिनाखालच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यातल्या उन्हाने गुंडाळलेल्या टेपच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, मग पहिल्या सुराआधीच्या शांततेत त्याची पुसट चाहूल ऐकू येते. मातीच्या भिंतीची आतली खोली बरी.