मदत हवी आहे: अगत्ती ते पोर्ट ब्लेअर विमानाने नक्की किती वेळ?

लक्षद्वीप आणि अंदमान एकाच रजेत करायचं मनात आहे, आई-बाबा सोबत. डिसेंबरात जायचंय. आधी अगत्ती, मग पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम). अंतर काढून देणाऱ्या एका साइटवर दोन्ही विमानतळ टाकले, तर साधारण २,२४० किमी आणि सव्वातीन तास असं आलं. तिकीट शोधायला जावं तर थेट विमान कुठल्याच तारखेला नाही. दोनदा विमान बदला, वर मध्ये एक रात्र! बाबांचे गुडघे दुखतात, सलग फार वेळ बसवत नाही. म्हणून खरा वेळ किती धरायचा ते जाणकारांनी कृपया सांगा.

भरतीओहोटी:
अंतर बरोबर आहे. सव्वातीन तास मात्र हिशेबातले आहेत. अशा साइट दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर घेतात, त्याला जेटच्या ताशी सव्वाआठशे-साडेआठशे किमी वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर घालतात. तिथे जेट उतरू शकतं का, हे त्यात येतच नाही. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटर, दोन्ही बाजूंना समुद्र. तिथे एटीआरसारखी पंख्याची विमानंच उतरतात. त्यांचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास, आणि भरल्या विमानाने एवढा पल्ला एका दमात होत नाही. त्यामुळे थेट विमान सध्या विसरा.

दर्यावर्दी:
वाट वाकडी नाही, हे मात्र लक्षात घ्या. अगत्ती-कोची सुमारे ४६५ किमी, कोची-चेन्नई ५२०, चेन्नई-पोर्ट ब्लेअर १,३७०. बेरीज २,३५५, म्हणजे सरळ रेषेपेक्षा शंभर-सव्वाशे किमीच जास्त. हवेतला वेळ दीड, सव्वा आणि सव्वादोन तास धरा, एकूण पाच. बाकी सगळा वेळ विमानतळावर जातो.

रात्र का पडते, तर सूर्यामुळे. दोन्हीकडे घड्याळ एकच, पण रेखांशात साडेवीस अंशांचा फरक, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ ८० मिनिटं. डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, अगत्तीला सव्वासहानंतर. अगत्तीची विमानं दिवसाउजेडीच येतात-जातात आणि पोर्ट ब्लेअरची बहुतेक सकाळ-दुपारची. अगत्तीहून निघून कोची, चेन्नई करेपर्यंत पुढचं विमान गेलेलं असतं.

प्रश्नकर्ती:
खूप आभार, आता उलगडा झाला. मग रात्र कोचीत काढावी की चेन्नईत? बाबांना कुठलं सोयीचं?

दर्यावर्दी:
चेन्नईत. संध्याकाळीच चेन्नई गाठा, विमानतळाजवळ मुक्काम करा आणि सकाळचं पोर्ट ब्लेअरचं विमान घ्या. बाबांना एका वेळी सव्वादोन तासांहून जास्त बसावं लागणार नाही. व्हीलचेअर तिन्ही तिकिटांवर आधीच नोंदवा.

भरतीओहोटी:
एक भर घालतो. तिकिटं वेगवेगळी काढणार असाल तर कोचीत भरपूर वेळ ठेवा, हवा बिघडली की अगत्तीचं विमान लांबतं किंवा रद्दच होतं. छोट्या विमानात सामानाची मर्यादा कडक असते, तेव्हा बॅगा त्या हिशेबाने भरा. आणि लक्षद्वीपचा प्रवेश परवाना हातात आल्याशिवाय पुढची तिकिटं काढू नका.