रविवारची वाचने एकत्र वाचावीत का? (कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा)

धाकटी काकू: सर्वांना नमस्कार. दर शनिवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनी एकत्र बसून दुसऱ्या दिवशीच्या मिस्साबलिदानात (चर्चमधील मुख्य उपासनेत) वाचली जाणारी बायबलमधील तीन वाचने वाचावीत, असे फादरांनी सुचवले आहे. धर्मशिक्षणाचे वयानुसार वर्ग नेहमीप्रमाणे चालू राहतील. येत्या रविवारी, 20 सप्टेंबर 2026 रोजी, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) 20व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा आहे. आपल्या घरातील सर्वांनी यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

मोठे काका: कल्पना चांगली आहे, पण माझी शंका स्पष्टपणे मांडतो. अशा बैठकीत आम्ही मोठी माणसे प्रवचन सुरू करतो आणि मुले माना खाली घालून बसतात. शिवाय दृढीकरणाची (श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची) तयारी करणाऱ्या मुलाला आणि आपल्या आईला एकाच वेळी उपयोगी पडेल, असे काय बोलणार?

धाकटी काकू: भाऊजी, तुमची शंका रास्त आहे, म्हणूनच काल रात्री जेवणानंतर आम्ही घरीच तो दाखला वाचून पाहिला. मालक पहाटे, मग नऊ वाजता, दुपारी बारा आणि तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला मजूर बोलावतो, आणि सर्वांना सारखीच मजुरी देतो, हा सरळ अन्याय आहे, असे मुलांचे ठाम मत पडले. त्यावर आई म्हणाल्या, ‘नाक्यावर पाच वाजेपर्यंत कोण उरतो, ते आधी पाहा.’ वाडीत माणसे लावताना धडधाकट गडी सकाळीच उचलले जात आणि म्हातारा, आजारी किंवा लंगडणारा माणूस उन्हात तसाच उभा राही, हे त्यांनी स्वतः पाहिलेले आहे. ‘आम्हांला कोणी कामावर लावले नाही,’ हे त्या मजुरांचे उत्तर मी इतकी वर्षे ऐकत आले आहे, पण त्यामागे उभा असलेला माणूस मला आईंनी दाखवला.

नात (अकरावी): मला वेगळीच गोष्ट जाणवली. मालक पैसे वाटताना शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करतो. पहिल्यांना आधी पैसे दिले असते, तर ते आनंदाने घरी गेले असते आणि भांडण झालेच नसते. म्हणजे त्यांनी ते पाहावे, अशीच मालकाची इच्छा असणार.

मोठे काका: हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. शाब्बास.

आत्या (दुबई): आम्ही इथे त्याच दिवसांची वाचने इंग्रजीत ऐकतो, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर सहभागी होता येईल. मात्र तिन्ही वाचनांचा एकमेकांशी संबंध कसा लावायचा, हे मला नेहमी अवघड जाते.

धाकटी काकू: ताई, तिन्ही वाचनांत ओढूनताणून एकच धागा शोधू नये, असे मला वाटते. सामान्य काळातील (नाताळ, ईस्टर यांसारखे विशेष काळ सोडून उरलेल्या) रविवारी पहिले, जुन्या करारातील वाचन शुभवर्तमानाला जुळेल असे निवडलेले असते. या वेळी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 55व्या अध्यायात ‘माझे विचार तुमचे विचार नव्हेत’ असे देव म्हणतो, आणि तेच त्या मालकाच्या वागण्यात दिसते. दुसरे वाचन मात्र नव्या करारातील एकेका पत्रातून क्रमाने पुढे जाते. या रविवारपासून फिलिप्पैकरांस पत्र सुरू होते, ते प्रेषित पौलाने तुरुंगातून लिहिले आहे, आणि ते स्वतंत्रपणेच ऐकावे. वाचनांचा हा तीन वर्षांचा पाठक्रम दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर) 1969 मध्ये लागू झाला. ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क आणि ‘क’ वर्षी लूक मुख्यतः वाचला जातो. सध्या ‘अ’ वर्ष चालू आहे. आईंच्या लहानपणी मिस्साबलिदान लॅटिनमध्ये होत असे आणि रविवारी जुना करार क्वचितच वाचला जाई. यशया, यिर्मया त्यांनी मोठेपणी, आपल्या भाषेत ऐकले. त्यामुळे या वाचनांची त्यांना जी ओढ आहे, ती मुलांनी जवळून पाहावी, असे मला फार वाटते.

मोठे काका: मग माझी एक अट आहे. वाचन झाल्यावर पहिल्यांदा मुलांनी बोलावे आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत आपण कोणीही त्यांना दुरुस्त करू नये. माझ्यासह.

धाकटी काकू: मान्य आहे. शुभवर्तमानही मुलांनीच मोठ्याने वाचावे. इंग्रजी शाळेतल्या मुलांना देवनागरी सलग वाचायला वेळ लागतो, म्हणून शुक्रवारी आजीजवळ बसून त्यांनी एकदा सराव करावा.

नात (अकरावी): मी पुढच्या रविवारचे, 27 सप्टेंबरचे, वाचनही पाहून ठेवले. जुन्या करारातील यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात लोक म्हणतात की प्रभूचा मार्ग न्याय्य नाही, म्हणजे या मजुरांची तक्रार तिथेही आहेच. तेव्हा मी आणि दादा दोघे मिळून ते वाचू का?

मोठे काका: अवश्य वाचा. शनिवारी आईला गाडीतून मी घेऊन येतो.