मदत हवी आहे : लिनक्स मिंटवर केबलचं नेट जोडलं जातं, पण काही साइट अडकतात

केबलवाल्याचं पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करावं लागतं असं) कनेक्शन आहे, लॅनची वायर थेट लॅपटॉपला. त्यांचा डायलर फक्त विंडोजचा. त्याची गरज नाहीच म्हणा : मिंटच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये 'डीएसएल' प्रकारचं कनेक्शन करून तेच युजरनेम-पासवर्ड टाकले. आधी लॉगिन नाकारलं जात होतं, कारण खातं जुन्या मशीनच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेलं. तो 'क्लोन्ड मॅक'मध्ये भरल्यावर लगेच लागलं.

आता अडचण. पिंग (समोरून उत्तर येतं का ही चाचणी) जातो, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) चालतं, पण काही साइटचं पांढरं पान नुसतं फिरत राहतं. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ बाइट आहे. तुकडे न करता पिंग केला (-एम डू), तर १४६४ बाइट जात नाहीत, १४५२ जातात. २८ बाइट हेडर धरून मर्यादा १४८०. एमटीयू तेवढा केला की लॅपटॉपवर सगळं उघडतं. मात्र हाच लॅपटॉप हॉटस्पॉट केला की मोबाइल अडकतो, कारण त्याचा एमएसएस (एका टीसीपी पॅकेटमधला हेडर सोडून कमाल डेटा) १४६०च राहतो.

एनएफटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) फॉरवर्ड चेनमध्ये, म्हणजे लॅपटॉपमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटच्या नियमांत, हा एमएसएस १४४०वर (१४८० वजा ४० बाइट हेडर) आणायचा आहे. नियम वेगळ्या टेबलात ठेवला तर नेटवर्क मॅनेजरच्या शेअरिंगच्या नियमांशी भांडण होईल का? आणि लाइन तुटून पुन्हा जोडली की पीपीपी० हा त्या कनेक्शनचा इंटरफेस नव्याने तयार होतो. नियम तेव्हाही टिकावा म्हणून डिस्पॅचर स्क्रिप्ट (कनेक्शन जोडलं-तुटलं की नेटवर्क मॅनेजर आपोआप चालवतो ती) लागेल, की नियमात इंटरफेसचं नुसतं नाव दिलेलं पुरेल?